करकर लुगड्याची की काळजाची?

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. हे भारदस्त नाव डॉक्टरांच्या तोंडी. मुंबईच्या घोडपदेवात मला सगळे नुसतं ‘नळी’ म्हणत. रबर माझं तडकलंय, पण बाबांनो, कान अजून तिखट आहेत!

सीताराम डॉक्टरांनी मला नवाकोरा आणला, तो संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांचा काळ. पोरांचा डांग्या खोकला, म्हाताऱ्यांचा दमा, सगळं मी ऐकायचो आणि डॉक्टरांच्या गळ्यात मिरवायचो. फक्त एक दुखणं होतं. बाईमाणूस आलं की लाजेपोटी मला पदरावरूनच टेकवायचे. तशी रीतच होती. कापडाआडून ऐकू येणार काय, कपाळ!

एके दिवशी सुंदराबाई आपल्या सुनेला, बकुळाला, घेऊन आल्या. दोघी कापडगिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंगखात्यात कामाला. बकुळा मोर्च्यात भर उन्हातून चालून आली आणि तेव्हापासून तिच्या बोटांचे सांधे सुजले, गालांवर लाल चट्टे उठले. आता छातीत कळा यायच्या. आडवी झाली की जास्त, पुढे वाकून बसली की जरा बरं. लाठ्या बघून पोरीने धसका घेतला, असं चाळीत सगळे म्हणायचे.

डॉक्टरांनी मला पदरावर टेकवलं. करकर, करकर! मी जीव तोडून ऐकवत होतो. डॉक्टर मात्र हसले.

“लुगड्याला खळ भारी आहे हो! हृदय ठीक आहे. धसकाच दिसतोय. विश्रांती घे.”

अस्सा राग आला मला! पण नळीला तोंड कुठे असतं? बकुळा तशीच घरी गेली असती, तर जिवावर बेतलं असतं.

सुंदराबाई जागच्या हलल्या नाहीत. कापडातलं त्यांना कोण शिकवणार?

“खळ? अहो डॉक्टर, ह्या लुगडा चार वर्सांचा. धुवन धुवन फडको झालो. हेका खळ खय रवतली?”

डॉक्टर ओशाळले. “चुकलं माझं,” म्हणाले. सुंदराबाईंनी चादरीचा आडोसा धरला. बकुळाला पुढे वाकवून, श्वास रोखायला लावून डॉक्टरांनी मला पदराआतून लावलं. तीच करकर, अगदी कानाशी! काळजावरचं आवरण सुजून घासत होतं.

“सांधे, चट्टे आणि ही करकर, सगळं एकच दुखणं आहे,” डॉक्टर म्हणाले. “रोगाशी लढणारे अंगाचे राखणदारच चुकून घरच्यांवर, आपल्याच अंगावर तुटून पडलेत. आजच परळच्या इस्पितळात न्या. नव्या गोळ्या आल्यात त्यावर.”

“म्हणजे धसको न्हय?” बकुळाने विचारलं.

“नाही गं. तू कसली घाबरतेस!”

दुखणं मुळापासून गेलं नाही, गोळ्या चालूच राहिल्या. पण पाच महिन्यांनी बकुळा तपासायला आली तेव्हा करकर नव्हती. नुसतं लबडब, लबडब! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बकुळा म्हणाली, “माका पण आयकांदेत.” डॉक्टरांनी मला तिच्या कानांत घातलं. ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

“अगो बाय! ह्या काळीज रातदीस राबता, आणि मी हेची कधी चवकशीच केली नाय!”

मित्रांनो, आता मी कपाटात पडून असतो. माझी तक्रार नाही. तुम्ही एवढंच करा. घरात कोणी दुखतंय म्हणालं, तर नखरे म्हणून उडवून लावू नका. आणि आज आईच्या छातीला कान लावून बघा. ती हसेल. हसू दे. तुम्ही ऐका.