कोरे दिवस

अनुपमा नैरोबीत जन्मली, तिथेच वाढली, तिथेच तिचं लग्न झालं. ब्याऐंशी साली तिथलं सरकार उलथवायचा प्रयत्न झाला आणि त्या धामधुमीत तिच्या नवऱ्याचं कापडाचं दुकान लुटलं गेलं. त्या धक्क्याने वर्षाच्या आत नवराही गेला. बँकेतला पैसा देशाबाहेर न्यायची परवानगी मिळेना. शेवटी दोन बॅगा घेऊन ती मुलुंडला रामचंद्रमामांकडे आली. भाषा मराठी, पासपोर्ट परदेशी.

मामांनी आपल्याच बिल्डिंगमध्ये तिला पहिल्या मजल्यावरची खोली भाड्याने मिळवून दिली. अनुपमाला केक छान यायचे. वाळू घातलेल्या पातेल्यात ती एकेक केक भाजायची. वाढदिवसांच्या ऑर्डरी येऊ लागल्या, पण पातेलं पुरेना. विजेचा ओव्हन घ्यायचा तर कर्ज हवं, म्हणून मामा तिला स्टेशनजवळच्या पतपेढीत घेऊन गेले.

सेक्रेटरींनी पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला. ''बाई, उद्या तुम्ही विमानात बसलात तर आम्ही कुणाचं दार वाजवायचं?''

''माझं वाजवा,'' मामा म्हणाले.

''तुमचा जामीन आहेच हो. पण यांची स्वतःची पत कुठाय? वर्षभर रोजची बचत भरू दे. आमचा माणूस घरी येईल. मग बघू.''

अनुपमाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. नैरोबीत तिने नुसता निरोप धाडला तरी व्यापारी उधारीवर कापडाचे तागे पाठवायचे. आणि दुकानात उधार मागायला येणाऱ्या बायका खाली बघून का बोलायच्या, ते तिला आज इतक्या वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून पतपेढीचा माणूस दशरथ येऊ लागला. खांद्याला पिशवी, हातात पावतीपुस्तक. जिन्यापासूनच हाक मारायचा, ''अनुपमाताई, पतपेढी!'' सगळ्या बिल्डिंगला ऐकू जायचं. ती घाईघाईने दार उघडायची, पैसे द्यायची आणि दार लावून घ्यायची.

पावसाळ्यात ऑर्डरी आटल्या. एका गिऱ्हाइकाने मोठा केक नेला आणि पैसे बुडवले. त्या संध्याकाळी दशरथची हाक आली, तेव्हा डब्यात दुधापुरतेच पैसे होते. ती भिंतीला चिकटून उभी राहिली. त्याने दोनदा कडी वाजवली. नेमकी तेव्हाच स्टोव्हवरच्या कुकरची शिट्टी झाली. कडी वाजायची थांबली, मग चपलांचा आवाज जिन्याकडे गेला. दुसऱ्या दिवशीही तिने तेच केलं. तिसऱ्या दिवशीही.

मग दशरथ सकाळीच आला आणि हाक न मारता हळूच कडी वाजवली. तिने दार उघडलं.

''ताई, पैसे नसले तर नाही म्हणा ना. मी तसं लिहितो, साहेब समजून घेतात. पण दार बंद असलं की मी काय लिहू?''

''मी... बाहेर गेले होते,'' ती म्हणाली.

''बरं,'' तो म्हणाला आणि निघून गेला. त्या 'बरं'मुळे तिला दिवसभर जेवण गेलं नाही.

पुढे जेव्हा जेव्हा पैसे नसत, तेव्हा ती दारात येऊन सांगायची, ''आज नाही हो.'' समोरच्या सुनंदाबाई भाजी निवडता निवडता मान वर करायच्या. ते तीन शब्द तोंडातून काढताना तिला घाम फुटायचा.

वर्ष भरलं. मामा तिच्याबरोबर पुन्हा पतपेढीत आले. सेक्रेटरींनी तिचं कार्ड पाहिलं. ''बाकी ठीक आहे. पण पावसाळ्यातले हे दिवस कोरे कसे? गावाला गेला होतात का?''

मामाच म्हणाले, ''हो, हो, गेली असेल कुठेतरी.''

'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं. पण टेबलाशी दशरथ उभा होता आणि मान खाली घालून पावत्या चाळत होता.

''नाही,'' अनुपमा म्हणाली. ''मी घरातच होते. पैसे नव्हते म्हणून दार उघडलं नाही. आणि तुमच्या या दशरथला खोटं सांगितलं.''

मामांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. सेक्रेटरींनी कोऱ्या दिवसांवरून पेनचं टोक फिरवलं. मग म्हणाले, ''पूर्ण रक्कम नाही देता येणार. अर्धी देतो. ती फेडा, मग पुढचं बघू.''

बाहेर पडल्यावर मामा फणकारले, ''चारचौघांत एवढं सांगायची काय गरज होती, अनू? तिथे माझी सही आहे. माझं नाव आहे.'' ते पुढे निघून गेले. ती मागून चालत राहिली.

अर्ध्या रकमेत जुना ओव्हन मिळाला. दिवाळी गेली, नाताळच्या ऑर्डरींनी खोली भरली, पण मामांचा पाय तिच्या उंबऱ्याला लागला नव्हता. एका रविवारी ते आपणहून आले, खुर्चीत बसले, केकचा तुकडा खाल्ला.

''हप्ते वेळेवर जातायत, असं सेक्रेटरी म्हणत होते,'' ते म्हणाले.

''हो, मामा.''

''आणखी थोडा दे.''

तिने बशीत मोठा तुकडा ठेवला. तिला त्यांच्याकडे बघायचं होतं, पण दुकानात उधार मागायला येणाऱ्या त्या बायकांसारखी तिची नजर काही केल्या वर होईना.