आतून मारलेला रंग

ज्योतीराम उंबरे यांच्या हाताबद्दल आधी लिहायला हवं, कारण पुढं जे झालं ते त्या हाताचंच झालं. चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत ते अठ्ठावीस वर्षं पेंट शॉपमध्ये होते. रोबो आले तरी ज्या कोपऱ्यांत रोबोचा हात नीट पोचत नसे, तिथं ज्योतीरामच लागत. मी त्याच कंपनीत कागदपत्रांच्या विभागात होतो. यंत्रांबरोबर येणाऱ्या इंग्रजी सूचनांचं मराठी करायचं आणि त्यांचे फलक लाइनवर लावून घ्यायचे, एवढं माझं काम. कुणाला हुकूम सोडणं मला कधी जमलं नाही, म्हणून मी जिथं तिथं ‘शक्यतो’ घालत असे. ‘बूथमध्ये शक्यतो मास्क काढू नये.’ सुपरवायझर तो शब्द खोडायचे, पण तोवर कामगारांनी वाचलेला असायचा. मी लाइनवर दिसलो की ज्योतीराम लांबून ओरडत, “शक्यतो सर आले रे! शक्यतो कामाला लागा!”

निवृत्तीनंतर या ओळखीची मैत्री कशी झाली, नेमकं सांगता येणार नाही. मी चऱ्होलीला राहतो, ते कुरुळीला. मोशीला बस बदलून मी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊ लागलो, आणि दर वेळी बसमध्ये वाटायचं की आपण जरा जास्तच जातो.

गेल्या दिवाळीनंतर त्यांचा डावा डोळा गेला. काचबिंदू. उजव्या डोळ्याची नजरही कडांकडून आत आटत चालली होती. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, दिपालीला, बाजूला घेऊन सांगितलं की आणखी काही महिने धरून चाला. दिपाली हिंजवडीला नोकरी करते. तिनं वडिलांना विचारलं, “पप्पा, कुठं जाऊन यायचंय का? काही बघायचं राहिलंय?”

“गाडी रंगवायची राहिलीय,” ते म्हणाले.

“अख्खं आयुष्य गाड्याच तर रंगवल्या की!”

“त्या कंपनीच्या. मला एक माझ्या रंगाची रंगवायचीय.”

अठ्ठावीस वर्षांत पांढरा, चंदेरी आणि राखाडी याखेरीज त्यांच्या हाताखालून फारसं काही गेलं नव्हतं. त्यांच्या मनात रंग होता करडीच्या फुलाचा. धाराशिवकडे त्यांच्या गावी थंडीत करडी फुलते. उमलताना पिवळी, सुकत आली की भगवी. “एकाच फुलावर दोन्ही असतंय सर,” ते मला सांगत, “पन पिवळं कुठं संपलं आन् भगवं कुठं सुरू झालं, ते बोट ठेवून दाखवा म्हणलं तर ब्रह्मदेवालाबी दाखवता यायचं न्हाई. तसं एकदा मारायचं. दिसतंय तंवर. मला बघायचंय, हात अजून हाय का.”

खरी गाडी रंगवायला कोण देणार? दिपालीच्या ऑफिसातली काही मंडळी सुटीला रिमोटवर चालणारे हातभर लांबीचे ट्रक घेऊन डोंगरावर जातात. त्यांना रॉक क्रॉलर म्हणतात. ते पळत नाहीत. मोठ्या मऊ चाकांवर सावकाश, दगड चाचपत चाचपत चढतात. त्याचे सुटे भाग खोक्यात मिळतात. गाडी आपण जोडायची आणि बॉडी आपण रंगवायची. दिपालीनं तसं खोकं मागवलं. आत बारीक टाइपाचं जाड इंग्रजी माहितीपुस्तक निघालं, आणि मला फोन आला.

“सर, तुमच्या कामाचं आलंय. शक्यतो उद्याच या.”

मग ठरूनच गेलं. मी वाचायचं, त्यांनी करायचं. गच्चीवर पत्र्याच्या सावलीत सतरंजी टाकून आम्ही बसायचो. मी ओळ वाचून मराठीत सांगायचो, ते डोकं डावीकडं वळवून उजव्या डोळ्याच्या उरलेल्या झरोक्यातून स्क्रू शोधायचे. रुक्मिणीबाई, त्यांच्या पत्नी, चहा घेऊन वर आल्या की म्हणायच्या, “झाली का तुमची भातुकली?”

“ही भातुकली न्हाई, फोर बाय फोर हाय,” ज्योतीराम सांगायचे. “बस मागं, आळंदीला सोडतो.”

त्या दिवसांत मी सुखी होतो, असं आता वाटतं. आपलं वाचणं कुणाच्या तरी हाताला उपयोगी पडतंय, हे नोकरीतही मला कधी वाटलं नव्हतं.

चूक तिसऱ्या आठवड्यात झाली, आणि ती माझी होती. गाडीच्या धक्क्यांनी स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना एक निळा डिंक लावायचा असतो. मी वाचून सांगितलं, “सगळ्या स्क्रूंना लावा.” ज्योतीरामनी हात थांबवला. “प्लास्टिकातल्याबी? मला न्हाई वाटत.” मी, कधी नव्हे ते, ठाम बोललो. “तसं लिहिलंय.” चार दिवसांनी पुढच्या चाकांचा प्लास्टिकचा जोड दोन ठिकाणी तडकला. मी पुन्हा वाचलं. वाक्य पानाच्या शेवटी तुटलं होतं आणि पान उलटल्यावर पुढे होतं, ‘मात्र प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूंना लावू नये.’

मी इतक्या वेळा माफी मागितली की शेवटी तेच कंटाळले. “जाऊ द्या हो. दिपाली दुसरा मागवंल. पन इथून पुढं पुस्तक तुमच्यापाशी आन् हात माझ्यापाशी. हाताला पटलं न्हाई तर मी पुस्तकाचं ऐकणार न्हाई.” ते हसत म्हणाले होते. मी मात्र ते मनात घेऊन बसमध्ये बसलो.

नवा जोड आला, गाडी उभी राहिली. बॉडी न चढवताच आम्ही ती शेजारच्या प्लॉटवर नेली. तिथं इमारतीचा पाया खणताना निघालेल्या काळ्या दगडांचा ढीग होता. ज्योतीरामनी रिमोट धरला. एक चाक हवेत, तीन दगडाला चिकटलेली, अशी गाडी गुरगुरत वर चढली आणि टोकावर थांबली. कंपनीच्या बसची वाट बघणारी दोन-चार माणसं टाळ्या वाजवू लागली. “काका, एकदम कडक!” ज्योतीरामना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता रंग. बॉडी म्हणजे पातळ, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक. ती बाहेरून नव्हे, आतून रंगवायची असते. दगडांवर घासली तरी रंग आत सुरक्षित राहतो. बाहेरून एक पातळ फिल्म चिकटवलेली असते, ती सगळं झाल्यावर सोलायची. हे मी भीत भीत सांगितलं, पण पुस्तकात चित्र होतं. त्यांनी भिंग धरून ते पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. “म्हंजे उलटं काम! जे पहिलं मारलं तेच दिसणार. नंतर झाकायची सोय न्हाई.” त्यांना हे फारच आवडलं.

आठ दिवस त्यांनी पाण्याच्या बाटल्या उभ्या कापून त्यांच्या आत सराव केला. आधी पिवळा, विरळ विरळ होत जाणारा, त्याच्या मागून भगवा, शेवटी पाठीला पांढरा. रंग आणि थिनर नेहमीचंच, मोटारीला मारतात ते. त्यांच्या घराच्या खालच्या गाळ्यात नवनाथ नावाचा भाडेकरू डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो, त्याच्याकडचं. रंग फवारायची गन मात्र ज्योतीरामची स्वतःची होती, निवृत्तीनंतर घेतलेली. शेवटच्या दोन बाटल्या उन्हात धरल्या तर खरोखरच करडीचं फूल दिसत होतं.

रंगाच्या आदल्या दिवशी मी घरी पुस्तकातलं ते प्रकरण पुन्हा वाचलं. एका चौकटीत लिहिलं होतं की या प्लास्टिकसाठी बनवलेलाच रंग वापरावा, मोटारीच्या रंगातल्या थिनरनं बॉडीला तडे जातात. वाक्य पानावर पूर्ण होतं. मी पान उलटून पाहिलं, पुढे काही नव्हतं. पेन्सिलीनं खूण केली.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर गेलो तेव्हा ते थिनर मोजून ओतत होते. दुपारचं ऊन तिरकं, त्यांना हवं तसं पडलं होतं. नवनाथनं कॉम्प्रेसरची नळी वर आणून दिली होती. रुक्मिणीबाई जिन्यात बसल्या होत्या. मी पुस्तक उघडलं.

“ज्योतीराम, हे थिनर…”

“काय?”

मनात आलं, बाटल्यांना तर काही झालं नाही. अठ्ठावीस वर्षं या माणसानं रंग मारलाय, आणि मागच्या वेळी माझ्याच वाचण्यानं गाडी तडकली. मी पुन्हा चुकत असेन तर त्यांचं ऊन जाईल, आजचा दिवस जाईल.

“काही नाही. वास फार आहे.”

“मग शक्यतो लांब बसा,” ते म्हणाले आणि मास्क चढवला.

मी लांब बसलो. त्यांचा हात चालताना बघणं हे काय होतं, मला लिहिता येत नाही. डोळा अर्धामुर्धा, पण मनगट कुठं अडत नव्हतं. फवारा टपावरून बॉनेटकडं जाताना आपोआप हलका होत होता. संपल्यावर त्यांनी बॉडी उन्हात धरली. फिल्ममधून जरा धुरकट, पण होतं ते. पिवळं कुठं संपलं, मला सांगता आलं नसतं.

“हाय,” ते हळूच म्हणाले. “हात हाय अजून.”

फिल्म दुसऱ्या दिवशी काढायची होती. मी पुन्हा गेलो. त्यांनी नखानं टोक उचलून ती सोलली आणि बॉडी तोंडाजवळ धरली. सगळ्या अंगावर तडे होते, केसासारखे बारीक, सुकलेल्या तळ्यातल्या चिखलासारखे. त्यांनी अंगठ्यानं बॉनेटचं वळण चाचपलं आणि तिथला तुकडाच निघून हातात आला.

त्यांनी तो तुकडा पुन्हा जागेवर टेकवून पाहिला. मग ते म्हणाले, “थर जाड बसला. इथं हात थांबला असणार. मला कळलंच न्हाई.”

तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणालो, “असू द्या.”

दिपालीनं त्याच आठवड्यात दुसरी बॉडी मागवली. ती यायला महिना लागला आणि आल्यावर खोक्यातच राहिली. ज्योतीरामनी गन धुतली, तेल लावून फडक्यात गुंडाळली आणि नवनाथला देऊन टाकली. फाल्गुनात त्यांना माणसं फक्त आवाजावरून ओळखू येऊ लागली.

मी जाणं कमी केलं. माझी पत्नी नीलिमा एकदा म्हणाली, “पुस्तक उघडून बसता आणि एकच पान बघता. काय आहे त्यात?” मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्यांना वाटतंय त्यांचा हात गेला. तो तुमच्याकडे आहे. देऊन या.”

चैत्रात मी पुस्तक पिशवीत घालून गेलो. ज्योतीराम ओसरीत खुर्चीवर होते. मी बसमध्ये पाठ केलेली वाक्यं एकदम म्हणून टाकली. रंग तुमच्या हातानं बिघडला नाही. थिनरनं बिघडला. बाटल्यांचं प्लास्टिक वेगळं, म्हणून त्या टिकल्या. पुस्तकात लिहिलं होतं, मी आदल्या दिवशी वाचलं होतं, आणि सांगितलं नाही.

ते हसले. वाईट वाटेल असं नाही, मायेनं हसले.

“दिपाली म्हणली डबा जुना हुता. ही म्हणली प्लास्टिकच हलकं. नवनाथ म्हणला हवेत ओल हुती. माझी समजूत घालायचं तुमीच राहिला हुताव सर.”

“मी खरं सांगतोय.”

“मग त्या दिवशी का न्हाई सांगितलं?”

“मला खात्री नव्हती. म्हणजे होती, पण मागच्या वेळी तो डिंक… मला वाटलं, बहुधा…”

“बघा, जीभ अडखळाय लागली. खोटं बोलायलाबी सवय लागती. तुम्हाला न्हाई ती.”

मी पुस्तक काढलं. त्यांचं बोट धरून त्या ओळीवर टेकवलं. बोट कागदावरून इकडून तिकडं फिरलं. पेन्सिलीची खूण बोटाला लागत नाही.

“हे इथं लिहिलंय. वाचून दाखवतो.”

“तुमी वाचाल तेच माझ्यासाठी छापलेलं. माझ्यासाठी दोन शब्द पदरचे घातले तर मला काय कळणार?”

“दिपालीला वाचायला सांगा.”

“ती तर पोरगीच हाय माझी. ती माझ्याच बाजूनं वाचणार.” त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. “डोळं जाणार म्हणून घाबरत हुतो, सर. हात त्याच्या आधी गेला, ते ध्यानातच आलं न्हाई. जाऊ द्या. तुमी आलाव, बरं वाटलं. चहा घ्या.”

मी चहा घेतला आणि निघालो. रुक्मिणीबाई फाटकापर्यंत आल्या. त्या दाराआडून सगळं ऐकत होत्या, हे मला तेव्हा कळलं.

“खरं हाय का ते?”

“हो.”

“आन् तुमी तिथंच बसला हुताव. पुस्तक घेऊन.”

“हो.”

“जेवता जेवता थांबत्यात. एका हातानं दुसरा हात चाचपत्यात, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “मग आज कशाला सांगितलं? त्यांना बरं वाटावं म्हणून, का तुमाला?”

फाटक आमच्या मध्ये होतं. आतून ज्योतीरामचा आवाज आला, “गेले का गं सर?”

रुक्मिणीबाईंनी माझ्याकडं पाहिलं.

“गेले,” त्या म्हणाल्या.