हाताच्या मापाची टाकी

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीवर तीन मतं असतात, आणि त्यातलं बरोबर माझं असतं. बाबांच्या नव्या टाकीच्या वेळीही मी असंच धरून चालले होते.

बाबा म्हणजे खेर्लोफ. आमच्या मेपल गावात मासे आणि पाणझाडं पाळणारे जेवढे लोक आहेत, त्या सगळ्यांना हे नाव ठाऊक आहे. दरवर्षी या हौशी लोकांच्या मंडळाचे परीक्षक घरोघर जाऊन टाक्या बघतात, पाणी तपासतात, कॉफी पितात आणि गुण देतात. बाबा कायम वरच्या तिघांत. पण गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. जुनं घर सोडून ते तळमजल्यावरच्या सोयीच्या फ्लॅटमध्ये आले. जुनी टाकी इतकी खोल होती, की तळाला हात लावायला धडधाकट माणसालाही स्टुलावर चढावं लागायचं. ती विकून टाकली. आता नवी घ्यायची की छंदच बंद करायचा, एवढाच प्रश्न होता. बंद केला तर बाबा खिडकीशी बसून नुसते संपत जातील, हे मला स्वच्छ दिसत होतं. ते मी होऊ देणार नव्हते.

शनिवारी आम्ही तिघं कॉफीला बसलो. बाबांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकी एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"साठ लिटरची घेऊ," माझा धाकटा भाऊ वीब्रेन म्हणाला. "झाकणाची, तयार मिळते. त्यांना झेपेल."

"तुला काय कळतं त्यातलं? तू कॅक्टससुद्धा मारून दाखवलास."

"अगं हिल्ये, छोटी टाकी, छोटं काम. साधं गणित आहे."

"साफ चुकलेलं गणित आहे. एवढ्याशा पाण्यात एखादा मासा पानाआड मेला, तर संध्याकाळपर्यंत सगळं पाणी नासतं. जास्त पाणी असलं की चूक सावरायला वेळ मिळतो. आणि निऑन मासे थव्याने पोहतात, त्यांना लांबी लागते. तुझ्या डब्यात काय रांगेत उभे राहतील?"

बाबा हसले. आता त्यांचं हसू एकाच बाजूने येतं, पण येतं.

माझी तयारी पक्की होती. सामान हलवतानाचे खोके कापून, चिकटपट्टी लावून मी पुठ्ठ्याची टाकी बनवून आणली होती: एकशेवीस सेंटीमीटर लांब, चाळीस रुंद, चाळीस उंच. उंची मुद्दाम कमी. उथळ पाण्यात तळापर्यंत उजेड पोचतो, झाडं खालपासून भरतात. आणि मुख्य म्हणजे बाबांना खुर्चीतून न उठता हात घालता येतो. बुटक्या कपाटावर मी ती ठेवली, बाबांची खुर्ची पुढे सरकवली.

"घाला डावा हात. मागचा कोपरा."

हात पोचला. मी वीब्रेनकडे बघितलं. त्याने तोंड वाकडं केलं.

"आता हे लावा," म्हणून मी बाबांच्या हातात लांब चिमटा आणि एक कोवळी फांदी दिली. तळाशी वाळूचं ताट ठेवलं होतं. बाबांनी चिमटा आत नेला. फांदी पडली. पुन्हा उचलून दिली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा चिमटाच निसटला.

"सवयीने जमेल," मी म्हटलं. "माप तर बरोबर आहे. उद्याच ऑर्डर देते."

"छोटी होते," बाबा म्हणाले.

"काय?"

"दीडशे लांब. पन्नास रुंद, पन्नास उंच. दूरवर गेलेल्या वाटेसारखी, मागे निमुळती होत जाणारी झाडांची रांग लावायची तर एवढी जागा हवीच. खाली काँक्रीट आहे, वजनाची चिंता नाही."

"अहो बाबा, हात पोचायला नको का?"

"पोचतो की. तुझा."

त्यांनी वीब्रेनला आणखी खोके जोडायला लावले आणि मला बाही वर करायला. मी वाकून हात घातला. बोटं मागच्या कोपऱ्याला टेकली. मला इतका राग आला, की तो पुठ्ठा पायाखाली तुडवावा असं वाटलं.

"मी हे सगळं तुम्हाला कुणाची गरज पडू नये म्हणून केलं," मी म्हटलं.

"माहीत आहे. पण हा हात चिमटा धरत नाही. तू बघितलंस आणि न बघितल्यासारखं केलंस."

खरं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मला झाडं लावता येत नाहीत," मी म्हटलं.

"शिकशील. मी काय खुर्चीत झोपा काढणार आहे? चुकलीस की ओरडेन."

"आणि मी?" वीब्रेनने विचारलं.

"तू पाणी बदलायचं. बादल्या उचल. डोकं चालवायचं नाही."

मी नाक पुसलं. "परीक्षक येतील तेव्हा नाव कुणाचं सांगायचं?"

"माझंच! एवढ्या वर्षांची पुण्याई फुकट घालवू?" बाबा म्हणाले. मग डाव्या हाताने पुठ्ठ्याची कड चाचपत राहिले. "मी आहे तोवर माझं. पुढे तुझं सांग. माझ्या मापाची केली असतीस, तर माझ्यामागे ती कुणाच्या कामाची होती?"

काच कापणाऱ्याला मी तिथूनच फोन केला. दीडशे, पन्नास, पन्नास. त्याने माप पुन्हा म्हणून दाखवलं आणि विचारलं, "कुणासाठी म्हणून लिहू? खेर्लोफसाठीच ना?"

"आमच्यासाठी," मी म्हटलं.