शेजारच्या सीटचा ब्रेक

काही माणसं दुसऱ्याच्या गाडीत बसली की शेजारी बसून पायाने ब्रेक दाबतात. तिथे ब्रेक नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, तरी दाबतात. गावात चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवालीचा नवरा या कलेत सगळ्यांच्या वरताण होता. लग्न झाल्यापासून गाडी तिनेच चालवली, कारण त्याला स्टिअरिंगची भीती वाटायची; आणि शेजारी बसून ब्रेक त्यानेच मारला, कारण त्याला तिच्या चालवण्याचीही भीती वाटायची. लांबवर ट्रक दिसला की हा दातांतून 'स्स्' करून श्वास ओढायचा आणि उजवा पाय जीव खाऊन खाली रेटायचा.

"अगं, ट्रक!"

"दिसला मला."

"अगं, सायकलवाला!"

"अहो, दिसला!"

अख्ख्या गावाचे डोळे तपासणारी बाई, पण तिला समोरचं दिसतं यावर घरच्याच माणसाचा विश्वास नाही. ती धुसफुसायची, आणि मग नाइलाजाने जे जे दिसेल ते मोठ्याने सांगत गाडी हाकायची. ट्रक दिसतोय, वळण दिसतंय, काठी टेकत जाणारे आजोबा दिसतायत. असं सांगत राहिलं की त्याचा पाय हळूहळू सैल पडायचा, आणि कधीकधी स्वारी चक्क झोपी जायची.

दोन वर्षांपूर्वी तो झोपेतच गेला. तिच्या शेजारी, त्याच पलंगावर. तिला कळलं ते सकाळी चहा करून त्याला उठवायला गेली तेव्हा. पुढे गाडी विकायला काढली, तर घेणाऱ्याने शेजारच्या सीटपुढची रबरी मॅट उचलून विचारलं, "बाई, या बाजूला भोक कसं काय पडलं?" तिने ती मॅट काढून घेतली आणि गाडी तशीच दिली.

तिने विमान शिकायचं ठरवलं तेव्हा लेकीने कपाळावर हात मारून घेतला. "आई, तुझ्या वयाच्या बायका गुडघ्यांना तेल लावतात!" लोकांना वाटलं, दुःखाने बाईचं डोकं फिरलं. खरं कारण तिने कोणाला सांगितलं नव्हतं. नवरा गेल्यावर, गाडी होती तोवर, तिच्यातली ती सीट कधी रिकामी झालीच नाही. वळणावर तिची नजर तिकडे जायची, ट्रक दिसला की तिचे कान 'स्स्'ची वाट बघायचे. तिला एकदा, फक्त एकदा, शेजारी कोणीही नसताना काहीतरी चालवायचं होतं. नवरा विमानात जन्मात बसला नव्हता. नुसत्या नावानेच त्याला घाम फुटायचा. म्हणजे तिथे तरी सुटका, असा तिचा साधा हिशोब.

शिकवणारी मुलगी तिच्या लेकीहून लहान. सगळे तिला कॅप्टन म्हणत. ती चष्मेवालीला काकू म्हणायची आणि काकूंची जराही गय करायची नाही. सगळ्यात जास्त बोलणी बसत ती पायांवरून. विमानात पायाखाली दोन पेडलं असतात. खालचा भाग रेटला की विमान डावी-उजवीकडे वळतं, आणि वरचा भाग चवड्याने दाबला की चाकांना ब्रेक लागतो. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही अशीच जोडी असते, आणि दोन्ही जोड्या आतून एकमेकींना जोडलेल्या. एकीकडे दाबलं की दुसरीकडचंही पेडल झुकतं. नवशिक्यांचे पाय उतरताना भीतीने हळूच वर चढतात आणि चवडे ब्रेकवर जाऊन बसतात.

"काकू, टाचा जमिनीवर!" कॅप्टन ओरडायची. "ब्रेक दाबून चाकं टेकलीत ना, तर विमान नाकावर पडेल, नाहीतर पाठीवर. मग मला विचारू नका काय झालं, कारण विचारायला तुम्ही नसाल."

पुष्कळ ओरडा खाल्ल्यावर काकूंच्या टाचा जमिनीवर राहायला लागल्या. आणि मग एका स्वच्छ, बिनवाऱ्याच्या सकाळी, धावपट्टीच्या टोकाशी विमान उभं असताना कॅप्टनने आपला हेडफोन काढला.

"एकच फेरी. उडायचं, वळसा घालायचा, उतरायचं. मी इथे गवतात उभी आहे."

"अगं, आज?"

"आजच. माझं वजन नसेल, तेव्हा विमान टुणकन वर जाईल. दचकू नका." मग तिने रिकाम्या सीटचा पट्टा लावला आणि खस्सकन आवळला. एकट्याने उडताना हे करावंच लागतं, नाहीतर मोकळा पट्टा कुठेतरी अडकतो. पट्टा सीटच्या गादीत रुतून बसला. कॅप्टनने दार लावलं, हाताने थोपटलं, आणि हेडफोन आणि हातातला छोटा रेडिओ घेऊन, केशरी जाकीट सांभाळत ती गवतात जाऊन उभी राहिली.

चष्मेवालीने इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पुढे केला. विमान धावलं. नेहमीच्या जागी नाक उचललं, चाकं सुटली, आणि ती टुणकन वर जायची वाट बघत राहिली. विमान काही टुणकन गेलं नाही. ते रोजच्यासारखंच, दोन माणसं घेऊन जावं तसं, जडपणे चढत राहिलं. उलट रोजच्याहून थोडं जास्तच जड. कॅप्टन काडीपैलवान होती.

हवा गरम असेल, असं तिने मनाला समजावलं. वळण घेतलं. खाली शेतं, तळं, विमानं ठेवायचा पत्र्याचा हँगर. डोळ्यांना सगळं नीट दिसत होतं आणि हात शहाण्यासारखे वागत होते. ती एकटी होती. हसावं की रडावं, कळेना. "एकटी," ती मोठ्याने म्हणाली, नुसतं ऐकून बघायला.

हेडफोनमध्ये 'स्स्' असा आवाज आला.

रेडिओची खरखर, ती म्हणाली. पण खरखर अशी दातांतून येत नाही. शेजारचा हेडफोन तर कॅप्टन घेऊन गेली होती, तिकडची तो जोडायची खोबण रिकामी होती. चष्मेवालीने तिकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर बघितलं.

सीट रिकामी होती. पण पट्टा गादीत रुतलेला नव्हता. तो वीतभर वर, गोलसर ताणलेला होता, सुटलेल्या पोटावर बसतो तसा. बघता बघता तो किंचित वर झाला, किंचित खाली गेला.

तिला तिथल्या तिथे थांबून उतरून जावंसं वाटलं. पण विमानाला थांबता येत नाही. भ्यालात तरी ते उडतच राहतं. ती धावपट्टीला समांतर आली होती आणि आता उतरण्याआधीच्या गोष्टी मोठ्याने म्हणायच्या होत्या. कॅप्टनने तशी सवयच लावली होती. "इंधन, ठीक. पट्टे..." ती अडखळली. "पट्टे, लावलेले. ब्रेक, मोकळे."

ब्रेक मोकळे नव्हते. तिच्या टाचा जमिनीवर होत्या, पण चवड्यांसमोरची पेडलं पुढे झुकलेली होती. तिने वाकून शेजारी पाहिलं. तिकडचीही झुकलेली. उजवं तर पार तळाला गेलं होतं.

त्या पायातली भीती तिला आता ओळखीची वाटली, आणि तेच सगळ्यात भयंकर होतं. जन्मभर या माणसाने नसलेला ब्रेक दाबला. आता पहिल्यांदाच त्याच्या पायाखाली खरा ब्रेक आला होता.

तिने तरी उतरायचा प्रयत्न केला. शेवटचं वळण घेतलं, धावपट्टी नाकासमोर आली, जमीन वर येऊ लागली, आणि तशी ती पेडलं आणखी आणखी खाली गेली. 'स्स्' इतका जवळून आला की उजव्या कानाला गार लागलं. अगदी शेवटच्या क्षणी तिने थ्रॉटल पूर्ण पुढे केला आणि विमान पुन्हा वर नेलं.

"काकू, काय झालं?" रेडिओवर कॅप्टन. "छान येत होतात की!"

"ब्रेक दाबलेला आहे."

"मग पाय खाली घ्या. टाचा जमिनीवर."

"टाचा जमिनीवरच आहेत गं."

मग कॅप्टन बोलली, पण आवाज वेगळा होता, सांभाळून ठेवलेला. "ठीक आहे. घाबरू नका. एकटं असताना पाय आखडतात, आपल्याला पत्ता लागत नाही. आणखी एक फेरी मारा, पाय झटका. मी आहे इथे." बटण सोडायला ती विसरली असावी, कारण पुढचंही ऐकू आलं. ती मेकॅनिकला आग विझवायचे सिलिंडर घेऊन पळत यायला सांगत होती.

चष्मेवालीने पाय झटकले नाहीत. तिने पाय पेडलांवरून साफ काढून गुडघे वर घेतले. पेडलं तशीच झुकलेली राहिली.

"अहो," ती म्हणाली.

पट्टा हलायचा थांबला.

"अहो, ऐका माझं. हे गाडीसारखं नाही. इथला ब्रेक खरा आहे. दाबून ठेवलात तर विमान उलटेल. मी मरेन."

पेडलं करकरली आणि आणखी खाली गेली. तिला स्वतःचाच राग आला. भित्र्या माणसाला मरणाचं नाव सांगून त्याचा पाय सैल होतो होय? इतकी वर्षं संसार केला आणि अजून अक्कल नाही. तिला लेकीची आठवण झाली. सकाळी फोनवर लेक नुसतं "जप गं" म्हणाली होती आणि हिने घाईत फोन ठेवला होता.

शेवटचं वळण परत आलं. धावपट्टी पुन्हा नाकासमोर उभी राहिली. तिने टाचा जमिनीवर रोवल्या, एक श्वास घेतला, आणि गाडीत बोलायची त्याच आवाजात बोलायला लागली.

"धावपट्टी दिसतेय मला. मधली पांढरी रेघ दिसतेय. वारा नाही, वारा दाखवणारा खांबावरचा कापडी मोजा लोंबतोय, तो दिसतोय. डावीकडे गवत आहे. गवतात ती पोरगी उभी आहे, केशरी जाकीट. मेकॅनिक पळत येतोय, दिसला. वेग बरोबर आहे. उंची बरोबर आहे. माझे हात दिसतायत, बघा, थरथरत नाहीत. एक पक्षी आहे. गेला. तोही दिसला."

डावं पेडल थोडं वर आलं. उजवं हलेना.

"मला दिसतं हो," ती म्हणाली. "पहिल्यापासून सगळं दिसत होतं. त्या रात्रीचं तेवढं नाही दिसलं. तुम्ही शेजारी होतात आणि मी झोपले होते. चहा झाल्यावर दिसलं. उशिरा, पण दिसलं. आता झोपा तुम्ही. मी बघते समोर."

कानातला 'स्स्' लांबला. मग सैल पडला, संथ झाला, झोपेत लागतो तसा. तिच्या चवड्यांसमोर उजवं पेडल सावकाश, अगदी सावकाश वर आलं. शेजारी काहीतरी खाली बसल्याचा मऊ आवाज झाला, पट्टा गादीवर टेकल्याचा. त्याच क्षणी विमान टुणकन वर उचललं गेलं. कॅप्टनने सांगितलं होतं तसंच, फक्त दोन फेऱ्या उशिरा. तिने दचकून नाक सावरलं. विमान धावपट्टीवर बराच वेळ तरंगलं आणि मग चाकं अशी टेकली की तिला आधी कळलंच नाही.

रेडिओवर कॅप्टन ओरडत होती, हसत होती, बहुतेक रडतही होती. चष्मेवालीला त्यातलं काही नीट ऐकू येत नव्हतं. विमान धावपट्टी सोडून हँगरकडे निघालं होतं, माणूस चालतो त्या वेगाने. शेजारची सीट रिकामी होती. पट्टा गादीत रुतलेला. कॅप्टनने आवळला होता तितकाच घट्ट.

हवं होतं ते मिळालं होतं. ती एकटी होती.

हँगरचं बंद पत्र्याचं दार समोरून जवळ येऊ लागलं. तिने टाचा जमिनीवर ठेवल्या आणि चवडे ब्रेकवर नेले नाहीत. दारावरचा सोललेला रंग दिसायला लागला. तिने कान शेजारी लावले.

"अहो," ती हळूच म्हणाली. "दार आलं."

पेडलं सरळ होती. दाराचं कुलूप दिसायला लागलं.

"अहो, दार! मला नाही दिसत. खरंच नाही दिसत मला."

खोटं बोलली ती. तरीही कोणी श्वास ओढला नाही. मागून कॅप्टन जिवाच्या आकांताने ओरडत पळत येत होती. तेव्हा कुठे चष्मेवालीने पाय वर घेतले आणि दोन्ही चवड्यांनी दाबलं. विमान गचका खाऊन थांबलं. तिने इंजिन बंद केलं, आणि इतकं शांत झालं की तिला तिथे बसवेना.

कॅप्टनने धापा टाकत दार उघडलं. "काकू! दारावर घालत होतात की! कोणाची वाट बघत होतात? ब्रेक का नाही मारला?"

"मारला ना," चष्मेवाली शेजारच्या सीटचा पट्टा सोडवत म्हणाली. "मीच मारला."