सातावरचा खांब

मी गुण्या बोलतोय. सुताराच्या हातातला, काटकोनात वळलेला पोलादी गुण्या. माझ्या दोन्ही अंगांवर खुणा आहेत. तोंडाकडच्या खुणा साध्या मापाच्या: शाकू, म्हणजे जवळजवळ आपला फूट, आणि त्याचा दहावा भाग सुन. पाठीवरच्या खुणा लांब लांब. गोल ओंडक्यातून केवढी चौकोनी तुळई निघेल, ते त्या सांगतात. त्यामुळे पाठीवरचे पाच म्हणजे तोंडावरचे सात होतात, हे नवशिक्यालाही माहीत असतं. माझ्यात खोट नाही. जे असतं तेच मी सांगतो, आणि याचा मला अभिमान आहे.

माझा जन्म सान्जो गावच्या एका लोहाराकडे झाला. लढाई संपून ओसाका शहर राखेतून पुन्हा उभं राहत होतं, तेव्हा एका सुतार उस्तादाने मला विकत घेतलं आणि आपल्या उमेदवाराच्या हाती दिलं.

"याला पाडलंस तर तुला पाडीन," उस्ताद म्हणाले.

तो उमेदवार म्हणजे तोकुझो कामेदा. त्याने मला कधी पाडलं नाही. आम्ही चाळी बांधल्या, न्हाणीघरं बांधली, देवळांचे वासे बदलले. काम नसलं की तो माझ्या टोकाने पाठ खाजवायचा. तो अपमान मी निमूटपणे गिळला. पुढे कारखान्यातून तयार घरं यायला लागली, कामेदाचे हात कापायला लागले, आणि तेलाच्या फडक्यात गुंडाळून मी पेटीत गेलो.

मग कामेदाच्या माडीवरच्या खोलीत मिनोरी हिरानुमा भाड्याने राहायला आली. उत्तरेकडच्या आकिताच्या बर्फातून ओसाकाला वास्तुकला शिकायला आलेली मुलगी. सुट्टीच्या दिवशी ती पाय दुखेपर्यंत शहर हिंडायची. काचेचे मनोरे, छपराखालचे बाजार, कालव्यांवरचे पूल, सगळं वहीत काढून आणायची आणि जेवताना कामेदाला दाखवायची.

"एवढे मनोरे काढलेस, आत माणूस बसतो कुठे ते काढलंस का?"

"आजोबा, आधी बाहेरून तर काढू द्या."

"बाहेरून काय, कावळासुद्धा बघतो."

कॉलेजात तिला काम मिळालं: शहरातलं एक घर निवडा, कोपरान् कोपरा मोजा, नकाशा काढा. तिने शितेन्नोजीच्या देवळामागच्या पाच घरांच्या चाळीतलं साकुमाकाकूंचं घर निवडलं. काकू पुढच्या खोलीत वाळवलेलं समुद्री शेवाळ विकायच्या. वसंतात ती चाळ पाडणार होते, तिथे उंच इमारत यायची होती.

मिनोरीकडे लाल ठिपका टाकून मोजणारं यंत्र होतं. पहिल्याच संध्याकाळी ती वैतागून परतली.

"नऊशे नऊ मिलिमीटर. अठराशे अठरा. सत्तावीसशे सत्तावीस. असलं वेडंवाकडं घर कोण बांधतं?"

कामेदा ठसका लागेपर्यंत हसला. मग उठून त्याने मला पेटीतून काढलं, पुसलं आणि तिच्या हातात दिलं.

"तीन शाकू, सहा शाकू, नऊ शाकू. पोरी, घर सरळच आहे. तुझं माप परकं आहे."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावर रुजू झालो. उंबरा, जिना, चटईची कड, सगळे आकडे पूर्ण यायला लागले. मिनोरीला तर छंदच लागला. देवळाची पायरी, उदोन शेवयांच्या दुकानातली फळी, सगळीकडे ती मला लावून बघायची. इतक्या वर्षांत मी ओसाका बांधलं होतं. बघितलं ते तिच्याबरोबर.

काकूंच्या मागच्या खोलीत मात्र एक खांब अडला. चाळीतल्या बाकी चार घरांत तो कोपऱ्यापासून पाच सुनवर होता. इथे सात. तिने तीनदा मोजलं. मी तिन्ही वेळा सातच सांगितलं.

तिने जेवताना विचारलं. कामेदाने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या.

"ती चाळ आमच्या उस्तादांनी बांधली. मी एकोणीस वर्षांचा होतो. गुण्या उलटा धरला आणि पाठीवरचे पाच मोजले." मग काड्या पुन्हा उचलत तो म्हणाला, "इतकं बारीक कोण बघतंय? पाचच लिही."

"गुण्या सात म्हणतोय, आजोबा."

"गुण्याला काय कळतं."

हे मला लागलं. दोन दिवस कामेदा तिच्याआधीच जेवून उठला. मिनोरीने दोनदा पेन्सिल खाली ठेवली, मग नकाशावर सातच लिहिलं.

कॉलेजात नकाशे मांडले त्या दिवशी मी तिच्या टेबलावर होतो. साकुमाकाकू आल्या. धुतलेला सदरा घालून कामेदाही आला आणि शेवटच्या खुर्चीवर बसला. प्राध्यापकांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"बाकी घरांत पाच आणि इथे सात? माप चुकलं का?"

मिनोरीने मान खाली घातली. तिला कामेदाचं नाव घ्यायचं नव्हतं. तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"तिचं माप बरोबर आहे," कामेदा म्हणाला. "चूक माझी. पंचावन्न वर्षांपूर्वीची."

"चूक कसली?" साकुमाकाकू त्याच्याकडे वळल्या. "त्या जास्तीच्या जागेमुळे खांबामागे उस्तादांनी आम्हाला अरुंद फडताळ करून दिलं. अख्ख्या चाळीत एकट्या आमच्याकडे. सासूबाईंनी जन्मभर ऐट मिरवली."

"उस्ताद मला त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलले नाहीत," कामेदा हळूच म्हणाला आणि खाली बसला.

मिनोरीने पेन्सिल उचलली आणि नकाशाच्या कोपऱ्यात सुतारांची नावं लिहिली: आधी उस्तादांचं, खाली तोकुझो कामेदा, वय एकोणीस. त्याने जवळ येऊन, डोळे बारीक करून वाचलं आणि मान डोलावली.

वसंतात चाळ पाडली. मी आता मिनोरीच्या पिशवीत असतो, गंजाचा ठिपकाही नाही. तो नकाशा कॉलेजच्या भिंतीवर आहे. कधी गेलात तर जवळ जाऊन बघा, आणि कोणी तो सात खोडून पाच करायला निघालं तर त्याला अडवा. तो आकडा मी मोजलेला आहे.