देवानंदवरची कविता

माझ्या भावाच्या पुण्यानुमोदनाला केवलराम कविता वाचणार, हे ऐकूनच माझं डोकं तापलं होतं. पण आमच्या कॅम्प-एकच्या वस्तीत कुणी गेलं की केवलरामची कविता हवीच. तो स्टील प्लँटमध्ये क्लर्क, आमच्या देवानंदचा शाळेपासूनचा मित्र आणि अख्ख्या वस्तीत कविता करणारा एकटाच. नको म्हटलं असतं तर लोकांनी मलाच नावं ठेवली असती.

देवानंदला डोक्याचा आजार होता. गोळ्या चुकल्या की तो चालत सुटायचा. पाच वेळा मी त्याला शोधून घरी आणलं होतं, कधी दुर्ग स्टेशनवरून, कधी वैशाली नगरातल्या कुणाच्या ओट्यावरून. या वेळी तो ऐन डिसेंबरात, शनिवारी घरून निघून गेला. मी घरोघरी विचारत फिरले. गुरुवारी पोलिसांनी मला जामुलच्या सिमेंट कारखान्यापलीकडे नेलं आणि बेशरमाच्या झुडपांत तो दाखवला. बुधवारी रात्री थंडीनं गेला, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून एकच प्रश्न मला खात होता: या वेळी मी कुठे कमी पडले?

विहारात त्रिशरण-पंचशील झालं. केवलरामनं मफलर सारखा केला आणि सुरुवात केली.

वनराईनं म्हणे त्याला हाक मारली. झाडांनी म्हणे पदर पसरला. भटकं लेकरू दमून आईच्या कुशीत निजलं. बाया डोळे पुसू लागल्या आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुठली वनराई? तिथे चिखल, फुटक्या बाटल्या आणि सिमेंटची धूळ होती. कुशीत निजलेल्या लेकराचे दात असे आवळलेले नसतात. मी पाहिलेत ते.

"जखमी पावलाला बांधून पांढरा रुमाल," केवलराम वाचत होता, "तो निघाला मातीच्या भेटीला..."

मी ताडकन उठले. देवानंदच्या डाव्या पायाला पांढरा रुमाल होता खरा, पण तो फक्त हवालदारानं आणि मी पाहिला होता. मी कुणाला सांगितलंही नव्हतं. घरून निघाला तेव्हा त्याचे पाय धड होते. आणि केवलराम तर सोमवारी संध्याकाळीच नागपूरला गेला होता, तो काल परतला.

"रुमाल कोणं बांधला?"

"सत्याताई, कविता होऊ द्या ना."

"कोणं बांधला?"

त्यानं कागद खाली घेतला. "मीनंच. काच रुतली होती त्याले. रविवारी आला होता घरी."

"सोमवारी सकाळी मी तुमच्या दारात उभी होती, केवलरामभाऊ. तुमी म्हणाले, दोन महिने झाले, दिसलाच नाही."

"त्यानंच सांगतलं, ताईले सांगू नको. म्हणे, जामुलकडं जातो, तळ्यापाशी झाडाखाली राहतो. मले वाटलं, असा माणूस बांधून ठेवाचा नसते. काय सुंदर बोलून राहिला होता तो, ताई!"

बोलणारच. गोळ्या सुटल्या की पहिले दोन दिवस तो सुंदरच बोलायचा. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःचं नाव आठवत नसे. हे केवलरामला माहीत होतं, कारण मागे दोनदा तोच माझ्यासोबत सायकल घेऊन शोधायला आला होता. जामुल सायकलनं अर्ध्या तासाचं.

मी पुढे होऊन कागद हिसकावला. सही होती, सहीखाली तारीख होती.

मी कागद पुन्हा त्याच्या हातात कोंबला. "वाचा. खालची तारीख वाचा सगळ्यायले."

"ताई, मले..."

"वाच!"

"बारा डिसेंबर," तो पुटपुटला.

सोमवार. बाया डोळे पुसायच्या थांबल्या. मागून कुणीतरी "अरे बाप रे" म्हणालं.

"सोमवारी तू त्याले मातीत निजवून मोकळा झाला," मी म्हणाले, "आन् बुधवारच्या रातीपर्यंत माहा भाऊ जिता होता, केवलराम."