पाठीवरचा नकाशा

डोंगरातल्या शर्यतीत टेलरमास्तर सलग दोन वर्षं वाट चुकले. पहिल्या वर्षी त्यांना शोधायला चार माणसं गेली. दुसऱ्या वर्षीही चार गेली, आणि मग त्या चौघांना शोधायला सहा. यंदा संयोजकबाईंनी स्पष्टच सांगितलं, "मास्तर, या वेळी शोधायला लावलंत, तर नाव कायमचं बाद."

शर्यतीचा नियम साधा होता. नकाशा जवळ हवा आणि शेवटी तो दाखवायचा. मास्तरांचे दोन्ही नकाशे वाऱ्याने नेले होते. म्हणून यंदा त्यांनी नकाशा सदऱ्यालाच शिवून टाकला, चारही बाजूंनी दुहेरी टीप मारून. पोटावर कापड ताणतं, म्हणून पाठीवर. बटणांवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून सदराही त्यांनी बायकोकडून अंगावरच शिवून घेतला.

"अहो, पण वाचणार कसा?" शेवटचा दोरा दाताने तोडत तिने विचारलं.

"आधी बसलाय कसा ते बघ."

बसला झकास होता.

पहिल्याच फाट्यावर मास्तरांना बायकोचा प्रश्न समजला. त्यांनी मान वळवली. स्वतःचा खांदा दिसला. खांद्याची शिवण उत्तम होती, पण डावीकडे जायचं की उजवीकडे, याबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं.

तेवढ्यात धापा टाकत सलूनवाला आला. त्याचं दुकान मास्तरांच्या दुकानासमोरच. त्याचा नकाशा ओढ्यात वाहून गेला होता.

"मास्तर, हलू नका," तो म्हणाला. वीस वर्षांच्या सवयीने त्याने दोन बोटांनी मास्तरांची मान खाली दाबली. "उजवीकडे."

मग पुढे नकाशा आणि मागे वाचक, अशी वरात निघाली.

"जरा सावकाश, अक्षरं नाचतायत. आणि घाम आवरा, नकाशातलं तळं मोठं होत चाललंय." थोड्या वेळाने तो म्हणाला, "माझ्याकडे कात्री आहे. कापून हातातच घेऊ या ना."

"माझ्या कापडाला तू कात्री लावायची नाहीस. तुला सरळ कापता येत नाही. माझे कल्ले बघ."

"तुमचे कान खालीवर आहेत, त्याला मी काय करू?"

या विषयावर पुढचे दोन डोंगर गेले.

वेळ संपायला चार मिनिटं असताना दोघं पोचले. मास्तरांनी बाईंना पाठ दाखवली. बाईंनी खूण केली. नाव बाद व्हायचं वाचलं.

"तुमचा?" बाईंनी सलूनवाल्याला विचारलं. त्याने मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला.

"एका माणसाला एक नकाशा. यंदापासून नकाशा नाही, तर पुढच्या वर्षी प्रवेश नाही."

मास्तर निघालेच होते. दोन पावलं गेले आणि थांबले. हा बाद झाला, तर पुढच्या वर्षी मागून वाचणार कोण?

"केवढा नकाशा, ते नियमात आहे का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी नियमांचा कागद उलटसुलट पाहिला. नव्हतं.

मास्तरांनी डोळे मिटले. "काप. अर्धा. पण सरळ."

कात्री पाठीवरून थंडगार फिरली. दिवसभर ताटकळलेला वारा आत शिरला. बाईंनी सलूनवाल्याच्या अर्ध्या नकाशावरही खूण केली.

घरी बायकोने त्यांना वळवून पाठ निरखली. "हे कोणी कापलं?"

"सलूनवाल्याने."

तिने काठावरून बोट फिरवलं. "सरळ आहे की."

मास्तरांनी मान वळवली, पण पुन्हा खांदाच दिसला.

"कापड चांगलं होतं," ते म्हणाले.